एकोणिसावा झोका

नवीन पनवेलच्या आमच्या घरात दुपारी दोनच्या सुमारास कोणीतरी झोके मोजते. सुरुवात शून्यापासून होते, आणि ती योग्यच आहे. पहिला झोका पुरा झाल्याखेरीज 'एक' म्हणायचे नसते, हे मीच शिकवले होते. आवाज मुलीचा आहे. किंचित नाकातला, कसलीही घाई नसलेला. सतरा, अठरा, एकोणीस. मग तो थांबतो. वीस कधीच येत नाही.

मी अठ्ठावीस वर्षे पनवेलच्या एका विद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले आणि तिथली प्रयोगशाळा सांभाळली. अशा बाईने भुताखेतांवर विश्वास ठेवायचा नसतो, आणि मी ठेवतही नाही. डॉक्टरांकडून कान तपासून घेतले. पंचाहत्तराव्या वर्षी ते माझ्या सुनेपेक्षा तल्लख निघाले. त्यानंतर हा विषय मी बंद केला. घरात मी बंद केलेला विषय पुन्हा कोणी उघडत नाही. आवाजाला मात्र हा नियम लागू झाला नाही.

२०११च्या नोव्हेंबरात माझी नात विनिता पुण्याहून आली. माझ्या मुलाची, शैलेशची, ही एकुलती मुलगी. दूरच्या ताऱ्यांच्या प्रकाशावर संशोधन करते. महत्त्वाची गोष्ट जेवणानंतर, पाने उचलल्यावर, माझ्यासमोर मांडायची आणि मी सांगेन ते करायचे, ही आमच्या घरची रीत. शैलेशचे लग्न, ही जागा, सुनेची नोकरी, सारे त्या टेबलावर ठरले. विनितानेही शुक्रवारी दुपारच्या जेवणानंतर आपली अडचण तिथेच मांडली.

अडचण एका आकड्याची होती. सूक्ष्मरचना स्थिरांक असे त्याचे जड नाव आहे. साधारण एकशे सदतिसाव्या भागाएवढा तो भरतो. प्रकाश आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना किती घट्ट धरतात, हे त्या आकड्यावर अवलंबून असते. तो थोडा निराळा असता तर अणू असे नसते, पाणी असे नसते, आणि जेवणानंतर टेबलाभोवती बसायला आम्हीही नसतो. हा आकडा आज आहे तेवढाच हजार कोटी वर्षांपूर्वीही होता का, हे विनिता तपासत होती. क्वेसार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांचे तेजस्वी गाभे, त्यांचा प्रकाश पृथ्वी जन्मण्याआधी निघालेला असतो. वाटेत तो वायूच्या ढगांतून जातो, आणि ते ढग त्याच्यावर आपल्या बारीक काळ्या रेषा सोडतात. त्या रेषांमधली अंतरे मोजली की त्या काळचा आकडा हाती येतो.

विनिताने तेवीस क्वेसार मोजले होते. वीस ठिकाणी आजचाच आकडा आला. तीन ठिकाणी तो एक लाखांश भागाहूनही कमी, पण निश्चित, सरकलेला होता. ती तिन्ही ठिकाणे आकाशाच्या एकाच बाजूला होती. तिचे मार्गदर्शक म्हणाले, ही तीन वगळा, वीस पुरेशी आहेत, 'बदल आढळला नाही' असे लिहा. निबंध सोमवारी पाठवायचा होता. तिने तिन्ही ठेवली तर ते आपले नाव काढून घेणार होते, आणि त्यांच्या नावावाचून तिचे पाच वर्षांचे काम आणि पीएचडी दोन्ही अधांतरी राहणार होते.

मी फार विचार केला नाही. तीन वगळ, असे सांगितले. मोजणाऱ्याचा हात चुकतो, डोळा चुकतो. स्थिरांक चुकत नाही.

"आजी, तो बदलत नाही हे पाहिलंय कोणी?"

"मी. अठ्ठावीस वर्षे, प्रत्येक मुलाच्या वहीत."

 शैलेश पाणी प्यायला उठला. आणि मला ऐकू आले: शून्य, एक, दोन. मी टेबलाची कड धरून बसून राहिले. कोणाच्याही चेहऱ्यावर काही दिसले नाही. एकोणीस झाले, आवाज थांबला, आणि मी सुनेला सुपारीचा डबा आणायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, माझ्या खुर्चीवर उन्हाची तिरीप येते म्हणून विनिताने खिडकीला पडदा लावायचे ठरवले. भिंतीवर माझी मीटरपट्टी टांगलेली होती. सागवानी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. निवृत्त झाले त्या दिवशी प्रयोगशाळेने ती मला रेशमी फीत बांधून दिली होती, आणि शालीपेक्षा मला तिचा अभिमान अधिक होता. विनिताने पट्टीने खिडकी मोजली. शैलेशने दुकानात सांगण्यासाठी पोलादी टेपने मोजली. मग दोघे बाप-लेक हुज्जत घालू लागले. ती म्हणत होती, बाबा, तुमची टेप रस्त्यावरची आहे. तो म्हणत होता, ही माझी टेप नाही, सुताराची आहे, सुतार चुकला तर दार लागत नाही, शास्त्रज्ञ चुकला तर कोणाला कळतंय.

फरक आठ मिलिमीटरचा होता. दरवेळी तेवढाच. टेपवर खिडकी नव्वद सेंटिमीटर भरत होती. पट्टी अधिक सांगत होती.

मी पट्टी मांडीवर घेतली. सतरा वर्षे ती भिंतीवर माझ्यासमोर होती, त्याआधी अठ्ठावीस वर्षे माझ्या हाताखाली. डाव्या टोपीच्या बाहेर पहिला दिसणारा आकडा एक असायला हवा. तो दोन होता.

मी विनिताला स्क्रू-ड्रायव्हर आणायला सांगितले आणि टोपी माझ्या हाताने काढली. आत करवतीचा काप होता. नीट, सरळ, पॉलिश पेपर फिरवलेला. पट्टीचे सुरुवातीचे आठ मिलिमीटर कोणीतरी कापून टाकले होते आणि टोपी परत बसवली होती.

कोणीतरी म्हणायचे कारण नाही. मला ताबडतोब आठवले. कमलाकर आमच्या प्रयोगशाळेचा परिचर होता, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. १९७७च्या उन्हाळ्यात त्याने मला सांगितले होते की पट्टी पडली, टोपी निखळली, मी बसवली. मी 'ठीक' म्हणाले होते. टोक फाटले आणि ते कापून टाकावे लागले, हे त्याने सांगितले नाही, कारण माझा एक नियम होता. ज्याच्या हातून काही मोडेल त्याने तो तुकडा हातात घेऊन दिवसभर प्रयोगशाळेच्या दारात उभे राहायचे. विद्यार्थी असो वा परिचर. या नियमामुळे माझ्या प्रयोगशाळेत काही मोडत नसे, असे मी अभिमानाने सांगत आले. मोडत होते. फक्त माझ्यापर्यंत पोहोचत नव्हते.

"म्हणजे सगळ्यांची उत्तरं चुकायला हवी होती," विनिता हळूच म्हणाली. "तुमच्याकडे लंबकाचा प्रयोग याच पट्टीवर व्हायचा ना?"

याच पट्टीवर, एकाच भिंतीपाशी. दोऱ्याला गोळा बांधायचा, दोऱ्याची लांबी पट्टीने मोजायची, वीस झोक्यांना लागणारा वेळ घ्यायचा, आणि त्यावरून गुरुत्वाचे त्वरण काढायचे. पुस्तकात उत्तर ९.८ आहे. मुलांना ते आधीच ठाऊक असे. म्हणून ती गणित उलटे करीत. उत्तर घ्यायचे, त्यावरून वेळ किती यायला हवा ते काढायचे, शेवटच्या आकड्यात किंचित चूक मुद्दाम पेरायची, म्हणजे वही खरी वाटते. ही विद्या दरवर्षी वरच्या वर्गातून खालच्या वर्गात जाई. मला ते माहीत होते. मी स्वच्छ वही पाहून सही करीत असे. १९७७पासून मी निवृत्त होईपर्यंत, म्हणजे सतरा वर्षे, त्या खोट्या पट्टीवर प्रत्येक मुलाचे उत्तर बरोबर आले.

एका मुलीचे सोडून.

उरणजवळच्या करंजाची भामा. कोळ्यांची मुलगी, पनवेलला मावशीकडे राहून बारावी विज्ञान करीत होती. १९७८ साल. वर्गात शेवटच्या बाकावर, प्रयोगाला मात्र सर्वांत आधी. तिने पाच लांब्या घेतल्या आणि पाच निराळी उत्तरे आणली. मीटरभर दोऱ्याला ९.८६, अर्ध्या मीटरला ९.९४, तीस सेंटिमीटरला तर दहाच्या वर. दोरा जितका आखूड, तितका आकडा मोठा. तिचा आलेख शून्यातून जात नव्हता. शून्याच्या शेजारून, अगदी जवळून, चुकून जात होता. मी लाल शाईने ती रेषा खोडली आणि शून्यातून जाणारी रेषा ओढली. निष्कर्षाच्या जागी तिने लिहिले होते: 'एकाच भिंतीपाशी हा स्थिरांक स्थिर राहत नाही असे दिसते.' पान तिथे संपत होते. त्या वाक्यावर मी फुली मारली आणि वही वर्गापुढे धरली. भामाबाईंनी करंजाच्या जाळ्यात नवा स्थिरांक पकडला आहे, असे मी म्हणाले. वर्ग हसला. ती काही बोलण्यासाठी उठली. मी तिला खाली बसवले.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत गेले तर ती एकटी भिंतीपाशी उभी होती. गोळा हलत होता आणि ती मोजत होती. सतरा, अठरा, एकोणीस. मी पुढे झाले आणि तो गोळा मुठीत धरला. मी काय बोलले ते आता आठवत नाही. पितळ थंड होते, एवढे आठवते.

वहीवर मी सही केली नाही. सही नाही म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा नाही. ती करंजाला परत गेली. वही माझ्याकडे राहिली, आणि पुढे दर जूनला मी नव्या वर्गासमोर तेच पान उघडून धरीत असे, कसे लिहू नये हे दाखवण्यासाठी. मुले दरवर्षी हसत. निवृत्तीच्या वेळी इतर कागदांबरोबर तीही घरी आली.

मी उठून लोखंडी कपाट उघडले. वही तळाशी होती. हाताने न शोधताही ती नेमकी त्याच पानावर उघडली, इतकी त्या पानाला सवय झाली होती. लाल शाई तपकिरी पडली होती. विनिता माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने बोट पुढे केले आणि, आजवर मी एकदाही केले नव्हते ते, पान उलटले.

मागच्या बाजूला तीन ओळी होत्या.

'किंवा पट्टी खरी नसावी.

दुसऱ्या पट्टीने पुन्हा मोजावे लागेल.

बाईंना विचारणे.'

 विनिता म्हणाली की तिच्या कामातही एक पट्टी आहे. दुर्बिणीवर एक दिवा असतो, त्याच्या रेषा ठाऊक असतात, क्वेसारच्या रेषा त्यांच्याशी ताडून पाहतात. तो दिवा खरा आहे असे सगळे धरून चालतात. आकडा खरोखर बदलला असेल तर ती तीन ठिकाणे म्हणजे माणसाने पाहिलेली सर्वांत मोठी गोष्ट आहे. दिवा खोटा असेल तर वीसही संशयाची आहेत. "आणि तीन काढून टाकली, आजी, तर दोन्हीतलं काहीच कधी कळणार नाही."

मला त्या क्षणी जे वाटले ते मी इथे लिहिते, कारण ते मी दुसरीकडे कुठे बोलणार नाही. मला वाटले, विश्वातले आकडे स्थिर आहेत ते स्वतःहून आहेत, की कोणीतरी माझ्यासारखी कडक बाई प्रत्येक वहीवर उभी आहे म्हणून? पृथ्वी नव्हती तेव्हा निघालेला प्रकाश इतका प्रवास करून येतो, काहीतरी सांगू पाहतो, आणि आम्ही त्याला खाली बसवतो.

रविवारी सकाळी मी शैलेशला गाडी काढायला सांगितली. कुठे, असे त्याने विचारले नाही. विनिता मागे बसली. वही माझ्या मांडीवर होती, पट्टी मागच्या काचेपाशी आडवी. उरणच्या रस्त्यावर कंटेनरांच्या रांगा लागल्या होत्या. मी मनात वाक्ये जुळवीत होते. माझ्याकडून क्वचितच कोणाची माफी मागितली गेली आहे, त्यामुळे ती कशी बांधावी हे मला ठाऊक नव्हते.

करंजाच्या धक्क्यावर भामाचे घर शोधावे लागले नाही. पहिल्याच बाईने बोट दाखवले: ती काय, काट्यापाशी. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या रांगांपलीकडे एक पन्नाशीची बाई तराजू लावून उभी होती. कासोटा घातलेले लुगडे, कपाळावर चष्मा चढवलेला. माल अजून आलेला नव्हता. एका पारड्यात एक वजन, दुसऱ्यात त्याच तोलाचे दुसरे, मग अदलाबदल, मग पुन्हा. ती वजनेच एकमेकांशी ताडून पाहत होती. शेजारची तिला चिडवत होती की भामे, वजनांचं लगीन लावून झालं असंल तर माल घे.

मी तिचे नाव घेतले. तिने वर न पाहताच हात थांबवला.

"आवाज तोच हाय," ती म्हणाली. मग चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिले. "बाई, तुमी म्हाताऱ्या झाल्या."

जुळवलेली वाक्ये मला आठवली नाहीत. मी म्हणाले, "भामा, पट्टी खोटी होती. आठ मिलिमीटर कापलेली होती."

"कवा समजलं तुमाला?"

"काल."

ती हसली. मोठ्याने नाही. शेजारणीला तिने काहीतरी सांगितले, तीही हसली. "मला तवाच समजलं व्हतं. घरची जाळी विनताना आमी वीत लावून मोजतो. माजी वीत त्या पट्टीवर लांब भरायची. म्हटलं, पनवेलला येऊन माजा हात वाढला का काय."

मी वही पुढे केली. तिने हात लुगड्याला पुसले, पण वही घेतली नाही. मी सांगितले की मी मागचे पान कधी वाचले नव्हते. सांगितले की आज सही करायला आले आहे. पेन मी आणले होते. हे बोलताना माझ्या लक्षात आले की सतरा वर्षांच्या मुलीला द्यायची सही मी पन्नास वर्षांच्या बाईला देत होते, आणि त्यातही उपकार केल्याचा माझा सूर गेलेला नव्हता.

"सही नको आता," भामा म्हणाली. "सहीचं काय करू, बोंबलाला बांधू? विचारलं व्हतं त्याचं उत्तर द्या. लिवलेलं हाय ना, बाईंना विचारणे?"

"आहे."

"मंग? दुसऱ्या पट्टीनं मोजू का?"

धक्क्यावर बोटींचे इंजिन वाजत होते. विनिता माझ्या डाव्या हाताला उभी होती. एवढ्या साध्या प्रश्नाला मी तेहतीस वर्षे लावली होती.

"मोज," मी म्हणाले.

भामाने मान हलवली, जसे वर्गात उत्तर मिळाल्यावर मुले हलवतात. तेवढ्यात टोपल्या आल्या आणि ती वळली. मी वही काट्याच्या कडेला ठेवू लागले तेव्हा पाठमोरीच म्हणाली:

"ती तुमच्याकडंच ठेवा. माजा भाऊ कमलाकराचा शेजारी व्हता, त्यानं सांगितलं मला, दरवर्षी पोरांना दाखवता म्हनून. दाखवा की. फकस्त आता पान उलटून दाखवा."

परतताना कर्नाळ्याचा सुळका दूर दिसू लागला तेव्हा विनिताने विचारले की पट्टी तिने आपल्याबरोबर पुण्याला नेली तर चालेल का. मी हो म्हणाले.

सोमवारी सकाळी जाण्याआधी तिने निबंधाचा शेवट मला वाचून दाखवला. तेवीसच्या तेवीस ठेवली होती. शेवटचे वाक्य असे होते की हा स्थिरांक काळाबरोबर स्थिर राहत नाही, किंवा आमची मोजपट्टी खरी नाही. यांतले कोणते, हे आम्हाला ठाऊक नाही, आणि दुसऱ्या दुर्बिणीने पुन्हा मोजावे लागेल. मार्गदर्शकांनी दुपारपर्यंत आपले नाव काढून घेतले. तिने एकटीच्या नावाने तो पाठवला. स्वीकारला जाईल की नाही, तिचे पुढे काय होईल, हे मी हे लिहीत असतानाही ठरलेले नाही. शैलेशला रात्री झोप लागत नाही. सून मला काही म्हणत नाही, पण सुपारीचा डबा आता मागावा लागतो.

मी छताच्या हुकाला दोरा बांधून घेतला आहे. प्रयोगशाळेतला तो पितळी गोळा निवृत्तीच्या वेळी माझ्याबरोबर आलाच होता. भिंतीवर पट्टीच्या जागी सुताराची टेप आहे. तिचीही खातरी मी दुसऱ्या टेपने करून घेतली, आणि दुसरीची तिसरीने, आणि कुठे थांबावे हे मला अजून समजलेले नाही.

दुपारी दोन वाजता घर शांत असते. मी गोळा सोडते. ती मोजू लागते. शून्य, एक, दोन. मी ओठ हलवत नाही. सतरा, अठरा, एकोणीस, आणि आवाज थांबतो, नेहमीप्रमाणे, अजूनही. करंजाला जाऊन आल्याने तो पुढे सरकला नाही. सरकेल असे मला वाटले होते.

गोळा मात्र थांबत नाही. तो जातो, परत येतो, आणि माझा उजवा हात आपोआप उघडतो, पुढे होऊ पाहतो. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभी राहते.